शहरातला एक दिवस : आधी परतीची गाडी ठरवा

*ताई, आम्ही लहान गावात राहतो. मोठं शहर रेल्वेनं तीन तासांवर आहे. मागच्या सुट्टीत मुलांना शहर दाखवायला एका दिवसासाठी गेलो होतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, सोबत सासूबाई. ह्यांनी पाच ठिकाणांची यादी केली होती. तिसऱ्या ठिकाणी, संग्रहालयात, मुलानं फरशीवर लोळण घेतली. त्याला शांत करून बाहेर पडेपर्यंत तारांगणाचा खेळ सुरू होऊन गेला. मुलगी त्या एका खेळासाठी आली होती. ती रडायला लागली. सासूबाईंचे गुडघे दुपारपासूनच दुखत होते. परतीच्या गाडीत आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. आता पुन्हा सुट्टी आली आहे आणि ह्यांची यादी सहा ठिकाणांची झाली आहे. म्हणतात, 'पुन्हा कधी जाणं होणार?' मुलगी म्हणते, त्याला घरीच ठेवा. मला तर गर्दीत मुलं चुकण्याचीच धास्ती वाटते. धाकट्याला ठेवून जाऊ, की बेतच रद्द करू?*

*– दोन मुलांची आई*

नमस्कार.

बेत रद्द करू नका आणि धाकट्याला घरीही ठेवू नका. यादी मात्र कापा. सहातलं एकच मोठं ठिकाण ठेवा, त्याच्या जवळपासची एखादी बाग किंवा मोकळं मैदान जोडा आणि बाकीची पाच ठिकाणं खोडून टाका. एवढं केलंत तरी पत्रातल्या निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

मागच्या वेळी मुलानं जे केलं त्याला मी हट्ट म्हणणार नाही. जरा हिशेब मांडून बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं आहे. तीन तास प्रवास करून सकाळी शहरात पोचायचं म्हणजे तुम्ही त्याला अंधारातच उठवलं असणार. आदल्या रात्री तो उत्साहात उशिरापर्यंत जागा असणार. दुपारची झोप तर झालीच नाही. त्यात दोन ठिकाणं पायी हिंडून झालेली. अशा मुलानं तिसऱ्या ठिकाणी आडवं व्हावं, यात नवल काय? त्याला 'मी दमलो' असं शब्दांत सांगता येत नव्हतं, म्हणून त्यानं अंग टाकून सांगितलं.

संग्रहालयं मोठ्यांनाही दमवतात. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये या थकव्यावर एक लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला कपाटांमधल्या वस्तू नीट पाहायला लावल्या आणि त्या पाहताना तो कसा वाकतो, कुठे गुडघे मोडून बसतो, कुठे मान तिरकी करतो याचे फोटो काढले. वस्तू अशा मांडलेल्या असतात की त्या पाहण्यातच शरीर शिणतं, हे त्यांना दाखवायचं होतं. तो तर धडधाकट मोठा माणूस होता. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर. पुढच्या वेळी संग्रहालयात त्याच्या शेजारी उकिडव्या बसा आणि तो जिकडे बघतोय तिकडे बघा. कपाटाची लाकडी कड दिसेल, काचेवर दिव्याची चमक दिसेल आणि आत ठेवलेल्या भांड्याचं फक्त बूड दिसेल. मागे वळलात तर लोकांचे पट्टे, पर्सा आणि कोपरं दिसतील. आपण 'बघ बघ, किती छान' म्हणत असतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर काहीच नसतं. म्हणून त्याला उचलून घेऊन चारच वस्तू दाखवा, पण नीट दाखवा. प्राण्यांचे सांगाडे, नौका, तलवारी, जे त्याला आवडत असेल तिथे सरळ जा. पाऊण तास झाला की बाहेर पडा, तो हसत असला तरीही. खरं तर तो हसत असतानाच.

इथे ह्यांचा जीव कासावीस होईल. तिकीट काढलंय, अजून दोन मजले राहिलेत! पण तिकिटाचे पैसे दारातच खर्च झाले. उरलेले मजले फिरून ते परत मिळत नाहीत, उलट संध्याकाळही हातची जाते.

बेत आखताना सुरुवात शेवटाकडून करा. घरी किती वाजता पोचलं म्हणजे मुलं जेवून वेळेवर झोपतील, ते आधी ठरवा. त्यावरून परतीची गाडी ठरेल. त्या गाडीच्या आधीचा तासभर मोकळा सोडा, तिथे काहीही घुसवू नका. मग वरचं मोठं ठिकाण सकाळी, दार उघडतं त्या वेळेला धरा. तेव्हा गर्दी कमी असते आणि मुलं ताजी असतात. साप्ताहिक सुट्टी कधी ते आदल्या आठवड्यात पाहून ठेवा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तारांगणाचे खेळ ठरलेल्या वेळी होतात आणि काही ठिकाणी फार लहान मुलांना आत घेत नाहीत, तेव्हा खेळाची वेळ आणि वयाची अट दोन्ही विचारून घ्या. मधल्या वेळेत बाग. तिथे चादर पसरा, डबा खा, सासूबाईंना पाय लांब करू द्या, धाकटा झोपला तर झोपू द्या. आपण एवढ्या लांब येऊन बागेत बसलो, असं मनात येईल. पण त्या तासावरच पुढची संध्याकाळ उभी असते.

शेवटच्या तासाबद्दल मी एवढं का बोलतेय तेही सांगते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. म्हणजे दुसऱ्या खेपेला त्रास जास्त वेळ झाला, फक्त शेवट जरा सुसह्य होता. यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं दुसरंच निवडलं. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आणि गार पाण्याचा आहे. त्यावरून मुलांच्या सहलीचा पक्का नियम काढणं ताणल्यासारखं होईल. पण तुमचंच पत्र बघा. सकाळच्या दोन ठिकाणांबद्दल त्यात एक ओळ नाही, तिथे कदाचित मजाही आली असेल. लक्षात राहिलं ते फरशीवरचं लोळणं, मुलीचं रडणं आणि गाडीतला अबोला. म्हणून म्हणते, फलाटावर धावत पोचायचं नाही. अर्धा तास आधी पोचा, जागा पाहून बसा, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत बसा.

आता मुलीबद्दल. 'त्याला घरीच ठेवा' हे ती भावावरच्या रागानं म्हणते असं मला वाटत नाही. तिचं तारांगण बुडालं, आणि त्याबद्दल तिला कुणी 'चूक झाली' म्हटलं असेल का, कोण जाणे. बहुतेक तिच्या वाट्याला आलं असेल 'तू मोठी आहेस ना, समजून घे'. दहा वर्षांची मुलगी मोठी नसते. भावाचा हात धरणं, त्याच्यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. ते तुम्हा दोघांचं आहे. तिला आधीच सांगा की या वेळी तारांगण ठरलेलं आहे, काहीही झालं तरी. आणि ते पाळता यावं म्हणून तुम्ही दोघं सरळ वाटून घ्या. ती आणि बाबा तारांगणात, तुम्ही, सासूबाई आणि धाकटा बागेत. अख्ख्या कुटुंबानं दिवसभर एकत्रच फिरायचं हा आपला आग्रह कशासाठी? एरवी घरात दोन मुलांमध्ये वाटले जाणारे बाबा तासभर तिला एकटीला मिळतील. तासाभरानं भेटायची जागा पक्की करा, 'बाहेर कुठेतरी' नको. 'मोठ्या घड्याळाखाली, पावणेतीन वाजता' असं. मोबाईलची बॅटरी ऐन वेळी संपते आणि तळघरात रेंज जाते.

त्याखेरीज तिच्या हातात नकाशा द्या, कागदाचा. केव्हिन लिंच नावाचे अमेरिकन नगररचनाकार होते. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना त्यांनी आपापलं शहर आठवून कागदावर काढायला लावलं आणि माणसं शहर मनात कसं साठवतात याबद्दलचे निष्कर्ष १९६० मध्ये मांडले. रस्ते, नदीकाठासारख्या कडा, वेगवेगळे भाग, नाके आणि लांबून ओळखू येणाऱ्या खुणा, या पाच गोष्टींवर आपण शहर लक्षात ठेवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या मुलीला हे मजेशीर वाटेल. स्टेशनातून बाहेर पडल्यावर 'आपली खूण कोणती?' असं विचारा. उंच मनोरा, पूल, घुमट, काय ते तिला ठरवू द्या. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, डावीकडे की उजवीकडे, हे तिनं सांगायचं. एखाद्या वेळी ती चुकेल, पाच मिनिटं जास्त चालावं लागेल, पण तिला सुधारू नका. तिच्या तिलाच कळू द्या. दुसऱ्या दिवशी घरी तिला आठवणीतून शहर काढायला सांगा. तो कागद तुमच्या मोबाईलमधल्या फोटोंपेक्षा जास्त सांगेल.

धाकट्याचं शहर वेगळं असतं, हेही ह्यांना सांगा. त्याला घुमट नि पुतळे दिसत नाहीत. त्याला सरकता जिना दिसतो, काचेची लिफ्ट दिसते, मेट्रोची आपोआप मिटणारी दारं दिसतात. तुमच्या गावात हे नसेल तर त्याच्यासाठी प्रेक्षणीय स्थळ तेच. तेव्हा मेट्रोनं दोन स्टेशनं नुसतंच जाऊन यायला अर्धा तास राखून ठेवा. पहिल्या डब्यातून समोरचा बोगदा दिसत असेल तर विचारूच नका. सरकत्या जिन्यावर मात्र त्याला पायरीच्या मधोमध, तोंड पुढे करून उभं करा, तुमचा एक हात त्याच्या हातात आणि दुसरा कठड्यावर. बुटांच्या नाड्या, लोंबणारी ओढणी, साडीचा काठ आणि मऊ रबरी चपला जिन्याच्या कडेच्या फटीत अडकतात. चढण्याआधी एकदा खाली बघून घ्या. सासूबाईंना लिफ्टनंच न्या. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट बहुधा एका टोकाला असते, ती शोधायचं काम मुलीच्या नकाशात घाला.

हरवण्याची धास्ती तुम्ही लिहिली आहे ती रास्त आहे. तिच्यावर उपाय आहेत, आणि ते घरीच करायचे आहेत.

चार वर्षांच्या मुलाला आई-बाबांचं पूर्ण नाव पाठ करून घ्या. गर्दीत तो 'आई' म्हणून ओरडला तर दहा आया वळतील, आणि तुम्हाला तो आवाज आपल्या मुलाचा आहे हे ओळखूही येणार नाही. तो तुमचं नाव आणि आडनाव घेऊन ओरडला तर फक्त तुम्ही वळाल. घरी याचा खेळ करा. तुम्ही आतल्या खोलीत जा, त्यानं बाहेरून पूर्ण नावानं हाक मारायची. दुसरं वाक्य शिकवायचं ते 'जिथे आहेस तिथेच थांब'. चुकलेलं मूल शोधायला निघतं, आपणही शोधायला निघतो, आणि दोघं एकमेकांपासून लांब जातो. तो थांबला तर तुम्ही आल्या वाटेनं मागे जाऊन त्याला गाठू शकता. फार वेळ झाला तर मदत कुणाकडे मागायची, तेही नेमकं सांगा: गणवेशातल्या माणसाकडे, किंवा जिच्याबरोबर लहान मुलं आहेत अशा बाईकडे. आणि एक विनंती. 'त्रास दिलास तर पोलीस पकडून नेतील' हे वाक्य घरात कुणी वापरत असेल तर आजपासून बंद करा. ज्या माणसाकडे मुलानं धावत जायला हवं, त्याच्यापासूनच ते लपून बसेल.

सकाळी निघताना दोघांचा उभा फोटो काढा, पायातल्या चपलांसकट. धावपळीत आपल्याला शर्टाचा रंग आठवत नाही, फोटोत तो असतो. धाकट्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं तुमचा मोबाईल नंबर लिहा, दुपारी हात धुतल्यावर पुन्हा लिहा. नाव मात्र कपड्यांवर किंवा दप्तरावर बाहेरून दिसेल असं लिहू नका. नाव घेऊन बोलावणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

मेट्रोसाठी एक वेगळा नियम लागतो आणि तो सगळ्यांना, सासूबाईंनाही, तोंडपाठ हवा. चढताना एक मोठा माणूस आधी आत, मग मुलं आणि सासूबाई, शेवटी दुसरा मोठा माणूस. तरीही दार मिटलं आणि कुणी फलाटावर राहिलं, तर त्यानं तिथेच थांबायचं. जे पुढे गेले त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. मूल एकटंच गाडीत राहिलं तर त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं आणि मोठ्यांनी मागून येणाऱ्या गाडीनं तिथे पोचायचं. निघतानाच स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगा, म्हणजे तो पुढच्या स्टेशनला कळवेल. मुलीकडून हे दोनदा म्हणवून घ्या. चार वर्षांच्या मुलाकडून अशी अपेक्षा ठेवू नका; त्याचा हात धरलेलाच हवा.

आणि हात धरायचा तो मनगटाला. बोटं निसटतात. फुटपाथवर त्याला वाहनांच्या विरुद्ध बाजूला ठेवा. रस्ता ओलांडताना मुलीवरही विसंबू नका, ती कितीही चुणचुणीत असली तरी. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे या कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं आहे की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं येणाऱ्या गाडीचा अंदाज खात्रीनं करता येत नाही. गाडी जवळ येतेय हे त्यांच्या डोळ्यांना वेळेत कळतच नाही. लहान गावातल्या सवयीच्या रस्त्यावर हे जाणवत नाही, शहरात रुंद रस्त्यावर जाणवतं. शिस्तीचा किंवा हुशारीचा इथे संबंध नाही, ती क्षमता वयानुसार येते.

पाणी तहान लागायची वाट न पाहता देत राहा, प्रत्येक ठिकाणाहून निघताना सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, धाकट्याचा एक कपड्यांचा जोड पिशवीत. बाकी सामान जितकं कमी तितकं बरं.

राहिले हे. 'पुन्हा कधी जाणं होणार?' या वाक्यात मला हेका दिसत नाही. मुलांना जास्तीत जास्त दाखवावं, आपल्यामुळे त्यांचं काही राहू नये, अशी ओढ दिसते. म्हणून यादीवरून वाद घालू नका, त्यांनाच खोडायला लावा. रात्री मुलं झोपल्यावर सगळ्यांच्या नावाचा एकेक रकाना काढा आणि प्रत्येकानं फक्त एक गोष्ट मागायची असं ठरवा. मुलीचं तारांगण, धाकट्याची मेट्रो, सासूबाईंचा बागेतला बाक. तुमची काय? पत्रात तुम्ही स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही, ते आधी ठरवा. ह्यांच्या रकान्यात त्यांच्या सहातलं सगळ्यात आवडतं एक ठिकाण येईल. तेच तारांगणाजवळ निघालं तर उत्तम. नसेल तर ते पुढच्या फेरीचं पहिलं ठिकाण. आणि पुढची फेरी कोणत्या महिन्यात, हे तिथेच, त्याच कागदावर लिहून टाका. शहर तीन तासांवर आहे, मुलगी दहा वर्षांची आहे. अजून बऱ्याच सुट्ट्या आहेत तुमच्याकडे.